मोटरसायकलच्या लांब उडीच्या विक्रमाची तयारी : सुरुवात कुठून करायची?

मातीचा_माणूस :
मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरची बाइक शर्यत) करतो, २५० सीसी टू-स्ट्रोक. मोठ्या टेबलटॉपची, म्हणजे सपाट माथ्याच्या उडीच्या ढिगाची, भीती केव्हाच गेली. आता डोक्यात लांब उडीचा किडा वळवळतोय. ऑस्ट्रेलियाच्या स्टंट रायडर रॉबी मॅडिसनने २००८ मध्ये मेलबर्नला रॅम्प ते रॅम्प ३५१ फूट मारली, म्हणजे १०६.९८ मीटर. एकदम तिथे जायचं नाहीये, पण त्या दिशेने जायचं तर आधी काय बदलू? सगळे म्हणतात, मोठं इंजिन घे.

फुल_थ्रॉटल :
अंगात दम आणि बाइकमध्ये ताकद, बाकी काय लागतं! अमेरिकन स्टंटबाज एव्हल नीव्हेलने १९७५ मध्ये किंग्ज आयलंडला हार्लीवरून १४ बस ओलांडल्या. तुमची बाइक तिच्यापुढे पिसासारखी हलकी आहे. बिनधास्त व्हा.

उतरण :
नीव्हेलचं अर्धंच सांगितलंत राव. त्याच वर्षी वेम्बलीत १३ बसच्या उडीत तो आपटला आणि कंबरेचं हाड मोडून घेतलं. दम तोच होता की!

इंजिनाचं राहू द्या, आधी आकडे मांडा. रॅम्पचं तोंड २० अंशांवर, उतरण्याची जागा तेवढ्याच उंचीवर, हवेचा विरोध धरलाच नाही, तरी १०७ मीटरला ताशी साधारण १४५ किमी लागतात. तेवढं पळणारी बाइक मिळते. गोची पुढे आहे. अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे या वेगाला ताशी ३ किमी इकडचे तिकडे झाले की चाक टेकायची जागा जवळपास साडेचार मीटर सरकते. त्यात समोरून वारा आला तर बघायलाच नको.

आणि ही उडी मध्यावर पावणेदहा मीटर वर जाते, म्हणजे तीन मजले. उताराला समांतर उतरलात तर त्यातला थोडाच मार अंगावर येतो. उतार ओलांडून सपाटीवर गेलात तर तीन मजल्यांचा अख्खा मार. म्हणून पैसे आधी लँडिंगवर घाला, रुंद आणि लांब. बाइक नंतर.

बाइकमध्ये मी पहिल्यांदा मागचा शॉक बघतो. रॅम्पच्या गोलाईत सस्पेन्शन दबून बसतं आणि तोंडाशी एकदम सुटतं. रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन परत उसळणं) मोकळा असेल तर मागचा भाग वर फेकला जातो, नाक खाली जातं. मोटोक्रॉसचं सेटिंग इथे जसंच्या तसं चालत नाही. क्लिक-क्लिक करत घट्ट करा आणि लहान उडीवर बघा. गिअर असा की रॅम्पवर इंजिन खेचत राहील, पण पुरतं पिळलेलं नसेल. रन-अपच्या शेवटच्या भागात गिअर बदलायचा नाही म्हणजे नाही.

हवेत हत्यारं दोनच : गॅस दिला की नाक उचलतं, मागचा ब्रेक दाबला की खाली येतं. अंतर मात्र त्याने वाढत नाही. ते रॅम्प सोडतानाच ठरलेलं असतं.

मातीचा_माणूस :
हे कुणी एवढं फोडून सांगितलं नव्हतं. मग अंतर वाढवायचं कसं? दर वेळी थोडा जास्त गॅस?

उतरण :
अंदाजाने गॅस वाढवणं म्हणजे जुगार. रॅम्पच्या तोंडाशी माणूस उभा करा, हातात स्पीडगन. तुम्ही मीटर बघायचं नाही, आवाजावर आणि अंगावर चालवायचं, आणि तो आकडा सांगणार. लागोपाठ तोच आकडा यायला लागला की मगच लँडिंग आणखी लांब सरकवायचं. उताराच्या माथ्याआधी सपाट डेक ठेवाच. कमी पडलात तर निदान कडेवर तरी आदळणार नाही.

आधी प्रकारही ठरवा. रॅम्प ते रॅम्प वेगळं, रॅम्प ते माती वेगळं. अ‍ॅलेक्स हार्विल मातीवर उतरणारा होता, २०१३ मध्ये २९७ फूट मारलेला गडी. २०२१ मध्ये ३५१ फुटांच्या तयारीत सरावाची उडी कमी पडली, मातीच्या ढिगाच्या माथ्यावर आदळला आणि गेला. वय २८. नवशिका होता असं कुणी म्हणू नये.

फुल_थ्रॉटल :
बरं, बिनधास्त हा शब्द मागे घेतो. पण वाऱ्याचं काय? रन-अपला शांत असतो आणि रॅम्पवर पोचेपर्यंत सुटतो.

उतरण :
टेकऑफ आणि लँडिंग, दोन्हीकडे रिबिन बांधा. लँडिंगची रिबिन हलली की तिथला माणूस लाल झेंडा दाखवणार आणि तुम्ही रॅम्पच्या बाजूने निघून जाणार. त्याच्याशी हुज्जत घालायची नाही, प्रेक्षक कितीही ओरडोत. आणि ती बाजूची वाट मोकळी ठेवा. लोक नेमकी तिथेच व्हॅन लावतात.