मदत हवी आहे: बासरीवर जॅझ वाजवताना खालचा सूर बदलतो, तेव्हा काय धरून राहायचं?

स्वरवेडी

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेत राहते. बांबूची बासरी बरीच वर्षं शिकते आहे. पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुरातली) लांब बासरी, रियाज कायम तानपुऱ्यावर. कान घडला तोही इथल्याच बैठकांमध्ये. गाणं कसं ऐकायचं हे मला देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेत ऐकलेल्या जयपूर गायकीने शिकवलं, असं मी मनापासून मानते.

गेल्या वर्षी एक वापरलेली वेस्टर्न फ्लूट मिळाली, चाव्यांची. ती घेण्याचं कारण अमेरिकन फ्लूटवादक ह्यूबर्ट लॉज. हा माणूस न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीतशाळेत ज्युलियस बेकर यांच्याकडे शिकला, मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या वाद्यवृंदात बसला आणि जॅझही तितक्याच हक्काने वाजवतो. १९७१ साली त्याने स्ट्रविन्स्की, बाख, देब्युसी यांच्या रचना घेऊन जॅझची अख्खी तबकडी केली. ती ऐकल्यावर मला राहवेना. मग जॅझवाले एरिक डॉल्फी ऐकला, युसेफ लतीफ ऐकला. बासरीतून इतका खरखरीत, माणसाच्या गळ्यासारखा आवाज निघतो हेच मला नवीन होतं. आमच्याकडे आपण सगळे स्वच्छ, गोल स्वराच्या मागे असतो.

आता अडचण सांगते. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, कीबोर्ड चांगला वाजवतो. सुट्टीला आला की आम्ही दोघं बसतो. "मावशी, साधा बारा बारचा ब्लूज घेऊ, तू सा धर आणि वाजव," असं तो म्हणतो. पहिले चार बार (एक बार म्हणजे चार मात्रा) सगळं छान जातं. पाचव्या बारला तो मध्यमाच्या कॉर्डवर (मध्यमावर उभ्या, एकत्र वाजणाऱ्या सुरांवर) जातो आणि आत्तापर्यंत सुंदर लागणारा माझा शुद्ध गंधार एकदम टोचायला लागतो. तानपुऱ्यावर माझा सा कधी हलला नाही. इथे पायाखालचीच जमीन सरकते. प्रत्येक वेळी नवा सा धरायचा का? तसं केलं तर सुरावट तुटते, आणि न करावं तर बेसूर वाटतं.

शिवाय चार-पाच आवर्तनं झाली की मी कुठल्या बारमध्ये आहे तेच हरवतं. तालाची सवय असून हे होतं, याचं जास्त वाईट वाटतं.

दुसरा प्रश्न बोटांचा. वेस्टर्न फ्लूटवर षड्जाला जी बोटं आहेत तिथून एक बोट वाढवलं की माझ्या हाताला शुद्ध निषाद हवा असतो, पण तिथे कोमल निघतो. दोन्ही वाद्यं रोज वाजवली तर एकाची सवय दुसरीला मारेल का?

आणि या पावसात चाव्यांखालचे पॅड चिकटतात, उघडताना टिक टिक आवाज येतो. त्यावर काय करावं?

कोल्हापुरात जॅझ फ्लूट शिकवणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही, म्हणून इथे विचारते आहे. आगाऊ धन्यवाद.

---

मुळामुठा

ताई, धागा वाचून फार बरं वाटलं. मी पुण्यात फ्लूट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवतो. एकेक घेतो.

तुमचा कान बरोबर आहे, गंधार खरंच टोचतो. तुमच्या भाषेत मांडतो. ब्लूजमध्ये तीनच कॉर्ड असतात आणि तिन्हींत वरचा सूर त्या कॉर्डच्या पहिल्या सुरापासून मोजलेला कोमल सप्तम असतो.

सा ची कॉर्ड: सा, शुद्ध ग, प, कोमल नी.
म ची कॉर्ड: म, ध, सा, कोमल ग.
प ची कॉर्ड: प, शुद्ध नी, रे, म.

बघा, सा ला शुद्ध ग लागतो आणि म ला कोमल. सा आणि प यांच्यात नी चं तसंच, आधी कोमल, मग शुद्ध. बाकी सूर जागचे हलत नाहीत. म्हणून नवा सा अजिबात धरू नका. सा तोच ठेवा, फक्त ग आणि नी कुठे वळतात त्यावर लक्ष द्या. पाचव्या बारच्या पहिल्या मात्रेवर शुद्ध ग वरून कोमल ग वर अलगद उतरलात तर ऐकणाऱ्याला कीबोर्ड नसतानाही कळेल की कॉर्ड बदलली.

आठवडाभर दुसरं काही वाजवू नका. भाच्याला कॉर्ड वाजवू दे, तुम्ही प्रत्येक कॉर्डवर ग किंवा नी यांपैकी जो त्या कॉर्डमध्ये आहे तो एकच सूर लांब धरा. कंटाळवाणं आहे, पण यानेच कान उघडतो.

बोटांबद्दल: तुमचं निरीक्षण अगदी बरोबर. तुमच्या चाव्यांच्या, म्हणजे बोम फ्लूटवर डाव्या हाताची तीन बोटं आणि अंगठा बंद म्हणजे पांढरी पाच. तिथे तुम्ही सा मानलात तर सहा बोटं बंद केल्यावर प येतो, बासरीसारखाच. सगळं उघडं सोडलं की तीव्र म, तोही बासरीसारखाच. घोटाळा मधल्या निषादापाशी आहे. उजव्या हाताचं पहिलं बोट दाबलं की फ्लूटवर कोमल नी येतो. शुद्ध नी साठी तिथे तिसरं, म्हणजे अनामिका, दाबायचं. आणि शुद्ध मध्यमाला बांबूवर अर्धं छिद्र उघडता, इथे तर्जनी तशीच ठेवून अंगठा उचलायचा. एवढ्या दोन जागा हाताने वेगळ्या लक्षात ठेवल्या की बाकीचं बरंचसं जुळतं.

सवय मारेल का? माझ्या मते नाही. पण एकाच बैठकीत लगेच पालटू नका. ओठांची ठेवण वेगळी आहे. बांबूवर फुंकरीचं छिद्र सरळ नळीतच कोरलेलं, फ्लूटला वर ओठ टेकायला पट्टी. सकाळी बांबू, संध्याकाळी फ्लूट असं ठेवा.

---

ऐकणारा काका

मी वादक नाही, आयुष्यभर ऐकणारा. शिक्षण इथेच झालं, पुढे नोकरीला मुंबईत होतो. १९७८ साली तिथे जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला तेव्हापासून कान त्या बाजूलाही गेला.

मुळामुठांनी सांगितलंय ते योग्यच, त्यात एक भर घालतो. ताई, दोन गंधारांची भीती तुम्हाला का वाटावी? जयजयवंती वाजवत असाल ना? त्यात दोन्ही गंधार, दोन्ही निषाद आहेत. तिथे कोमल गंधार कुठे घ्यायचा हे चलन ठरवतं, दोन रिषभांच्या मध्ये तो येऊन जातो. ब्लूजमध्ये तोच निर्णय मात्रा करते. तुम्ही तालचक्रात कुठे आहात त्यावर कोणता ग घ्यायचा हे ठरतं. रागात जे सुरांच्या वाटेवरून कळतं, ते इथे तालाच्या जागेवरून कळतं. जयपूर घराण्यात लयीवर इतकं लक्ष असतं की त्या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांच्या गायकीवर वाढलेल्या कानाला हे फार लवकर उमगेल, असं मला खात्रीने वाटतं.

आणि बार हरवण्यावर माझा उपाय असा. बारा बार, प्रत्येकी चार मात्रा, म्हणजे ४८. हे तीन त्रिताल झाले. आता भरून बघा.

पहिलं आवर्तन पूर्ण सा वर.
दुसऱ्या आवर्तनात समेपासून (पहिल्या मात्रेपासून) आठ मात्रा म वर, खालीपासून (नवव्या मात्रेपासून) आठ मात्रा सा वर.
तिसऱ्या आवर्तनात समेला चार मात्रा प, पुढच्या चार मात्रा म, आणि खालीपासून पुन्हा सा.

म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या आवर्तनात खाली आली की घरी आलात. समेला काहीतरी हलतं, खालीला स्थिरावतं. आपल्या अपेक्षेच्या उलट आहे, म्हणून सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल. हाताने टाळी-खाली धरून तीन आवर्तनं कॉर्डची नावं नुसती म्हणत चालत राहा, रंकाळ्याच्या एका फेरीत बसेल डोक्यात.

---

मुळामुठा

काका, हे मी आजवर कुणाकडून ऐकलं नव्हतं. माझ्या विद्यार्थ्यांना उद्याच सांगतो. फक्त एक सावधगिरी: शेवटच्या, म्हणजे बाराव्या बारला बरेचदा प ची कॉर्ड घालतात, पुढच्या फेरीची ओढ लागावी म्हणून. भाचा तसं वाजवत असेल तर तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटच्या चार मात्रा प समजा.

---

खासबाग

नाद खुळा धागा! पॅडबद्दल मी सांगतो, मला क्लॅरिनेट वाजवायची सवय आहे.

वाजवून झालं की आतून कापड फिरवून ओल काढायचीच, एकही दिवस चुकवायचा नाही. पॅड चिकटत असेल तर पॅड आणि छिद्राच्या मध्ये सिगारेटचा पातळ कागद ठेवायचा, चावी हलकेच दाबायची आणि सोडायची. कागद दाबून ओढायचा नाही, पॅडची कातडी फाटते. पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. ओली फ्लूट तशीच पेटीत बंद केली तर आषाढात कुबट वास यायला वेळ लागत नाही.

इथल्या लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले पॅड बदलून देतात, त्यांना विचारून बघा.

---

मुळामुठा

खासबाग, कागदाचा उपाय अगदी योग्य. पण बदलायला बँडवाल्यांकडे देऊ नका, ताई. क्लॅरिनेटचे पॅड गरम करून चिकटवतात. फ्लूटचे बहुतेक पॅड स्क्रू आणि वॉशरने बसवलेले असतात, खाली कागदाच्या पातळ चकत्या घालून पातळी जुळवतात. चावीला आच दिली तर घोटाळा होईल. पुण्या-मुंबईत फ्लूटचंच काम करणाऱ्याकडे द्या. मिरजेला तंतुवाद्याच्या कारागिरांकडेही नेऊ नका. तानपुरा, सतारीत त्यांचा हात धरणारं कुणी नाही, पण चाव्यांचं काम वेगळं.

बांबूला मात्र पावसापेक्षा एप्रिल-मे जास्त घातक. कोरड्या हवेत भेग जाते. पंख्याखाली ठेवू नका, आतून अधूनमधून मोहरीच्या तेलाचा हलका हात फिरवा. फ्लूटच्या पॅडला तेल कधीही लावायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

---

स्वरवेडी

तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंत, काय बोलू!

काकांचं तीन त्रितालांचं गणित मी रात्रीच करून पाहिलं. तबल्याच्या ॲपवर मध्यलय त्रिताल लावला आणि बांबूची बासरीच हातात घेतली, कारण तिच्यावर मला बोटांचा विचार करावा लागत नाही. समेला म वर जायचं आणि खालीला परतायचं, हे दोन-तीन फेऱ्यांत अंगात उतरलं. भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, हे आम्हाला का नाही कुणी असं शिकवलं!"

आता दोन शंका. झुलती लय, म्हणजे स्विंग, मला आवडते पण माझी जीभ तिथे शास्त्रीय बासरीसारखीच चालते. आणि कीबोर्डबरोबर माझा गंधार थोडा उतरलेला वाटतो, भाचा म्हणतो तू चढव. तानपुऱ्यावर तोच गंधार बिनचूक लागतो. मग कुणाचं खरं?

---

मुळामुठा

दोघांचंही खरं, ताई. तानपुऱ्यावर जुळणारा शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो (कीबोर्डच्या दोन शेजारच्या सुरांत १०० सेंट असतात). कोमल गंधार उलट, तानपुऱ्यावर सुमारे १६ सेंट चढा. कीबोर्डचे बारा सूर समान अंतरावर बांधलेले, तानपुऱ्याचे तसे नाहीत. कीबोर्डबरोबर लांब स्वर धरताना त्याला मिळवून घ्या. पण ब्लूजमध्ये या दोन गंधारांच्या मधल्या जागेत जो सूर वाजतो, तो तर कीबोर्डवर नाहीच. तिथे तुमची बांबूची मींड, म्हणजे सुरावरून सुरावर सरकणं, सोन्यासारखी कामी येईल. चावीच्या फ्लूटवर ओठांनी आणि फुंकरीच्या कोनाने थोडं वळवता येतं, चाव्यांना मधे छिद्र असेल तर बोट सरकवूनही.

स्विंगसाठी मात्रेचे तीन भाग करा, तिस्र जातीसारखे. पहिला सूर दोन भागांचा, दुसरा एका भागाचा. मध्यलयीत असं, द्रुत झालं की दोन्ही जवळजवळ सारखे होत जातात. आता जीभ: मात्रेवरच्या सुराला जीभ लावू नका, मात्रेच्या आधीच्या आखूड सुराला 'डू' असं मऊ लावा आणि तिथून पुढच्या मात्रेवर एकाच श्वासात सरका. 'तू' नको, फार टोकदार होतो. वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. समेवर जोर द्यायची सवय तेवढ्यापुरती बाजूला ठेवावी लागेल.

कंप कमी ठेवा. युरोपीय शास्त्रीय फ्लूटमध्ये तो बराच असतो, तुम्ही बांबूवर सरळ स्वर लावता तोच जॅझला जवळचा आहे. लांब सुराच्या शेवटी थोडासा आला तर पुरे.

---

ऐकणारा काका

ऐकायला एक सुचवतो. पन्नालाल घोष (१९११ ते १९६०) यांनी लांब बासरी मैफलीच्या गादीवर आणली. त्यांचे मंद्रातले स्वर ऐका, आणि त्याच दिवशी डॉल्फीची फ्लूट ऐका. कुणाला मापायला नव्हे. दोघांच्याही फुंकरीत हवा आणि स्वर यांचं नातं किती वेगळं आहे, ते कानाला कळेल. मग बासरीवादक हरिप्रसाद चौरसियांनी १९८७ साली गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन, सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक आणि तबल्यावर झाकीरभाई (झाकीर हुसेन) यांच्याबरोबर केलेलं काम ऐका. तिथे बासरी आपला राग सोडत नाही आणि सॅक्सोफोनला जागाही देते. मला ते फार मोलाचं वाटतं.

बासरीवादक राकेश चौरसियांना २०२४ मध्ये बेला फ्लेक, एडगर मेयर आणि झाकीरभाईंबरोबर ग्रॅमी मिळालं, तेही ऐकाच. पण आधी पन्नालाल.

---

स्वरवेडी

काका, पन्नालालजी कालच लावले. मंद्र पंचमावर डोळे मिटले गेले.

रविवारी भाचा येतो आहे. संथ लयीत ब्लूज घेणार, पहिल्या फेरीत फक्त ग आणि नी, दुसऱ्या फेरीत मींड. बांबूवर एकदा, चाव्यांवर एकदा. रेकॉर्डिंग इथे टाकते, मोकळेपणाने चुका सांगा.

मुळामुठा, भाचा आता 'दोन-पाच-एक' म्हणून काहीतरी शिकवायचं म्हणतोय. त्यासाठी वेगळा धागा काढू का?

---

मुळामुठा

इथेच विचारा, संदर्भ एकत्र राहतील. तोवर एवढंच: रे ची कॉर्ड, मग प ची, मग सा ची. तिथेही तिसरा आणि सातवा सूर शोधा. रे च्या कॉर्डमधला सातवा म्हणजे सा, तो अर्धा स्वर उतरून प च्या कॉर्डमधला शुद्ध नी होतो. प च्या कॉर्डमधला म तसाच उतरून सा च्या कॉर्डमधला शुद्ध ग होतो. आधी गाऊन बघा, मग बासरीवर घ्या.