मदत हवी आहे: पृष्ठभागावर त्रिकोण दिसताहेत, काही केल्या जात नाहीत

घाईत_आहे
विखुरलेले ८००० बिंदू आहेत, प्रत्येकाची उंची माहीत आहे. गुळगुळीत पृष्ठभाग हवाय. सायपाय या पायथन लायब्ररीतलं क्लफ-टॉचर (बिंदू त्रिकोणांनी जोडून प्रत्येक त्रिकोणावर वक्र तुकडे बसवणारी पद्धत) वापरलं, तरी चित्रात त्रिकोणांच्या कडा ढळढळीत दिसतात. उद्या दाखवायचंय. "गूगल करा" म्हणू नका, केलंय.

तिरकस_रेघ
नक्की क्लफ-टॉचरच ना? लिनिअर (सपाट त्रिकोणांचं) राहिलं असेल तर कडा दिसणारच. आणि एक्स-वायची एककं वेगळी आहेत का? एक अक्ष ० ते १ आणि दुसरा हजारांत असेल तर डेलॉने (बिंदू जोडून त्रिकोण करणारी रीत) लांबच लांब, चिंचोळे त्रिकोण करतं. रीस्केल (अक्ष सारख्या मापात आणणारा पर्याय) चालू करा.

घाईत_आहे
दोन्ही मीटरमध्ये. लिनिअर नाही, वर लिहिलंय.

रंगारी
जेट (निळा ते लाल, इंद्रधनुषी) रंगपट्टा वापरताय का? त्यात नसलेल्या कडाही दिसतात.

आरबीएफ_भक्त
त्रिकोण हवेतच कशाला? थिन प्लेट स्प्लाइन (आरबीएफचा प्रकार: प्रत्येक बिंदूभोवती अंतरावर ठरणारं एक फलन, त्या सगळ्यांची बेरीज) लावा, विषय संपला.

जुना_फोर्ट्रानवाला
एवढी घाई नको. क्लफ-टॉचर (१९६५) त्रिकोणाचे तीन तुकडे करून त्रिघाती बसवतं. पॉवेल-सॅबिन (१९७७) सहा तुकडे करतं आणि द्विघातीत भागवतं. दोन्हींना शिरोबिंदूंवरचे उतार लागतात. आम्ही ते स्वतः द्यायचो, सायपाय अंदाजानं काढतं. तुमच्याकडे मोजलेले उतार आहेत? मॅटप्लॉटलिब या चित्रं काढणाऱ्या लायब्ररीच्या त्रिकोणी क्यूबिकला (त्रिघातीला) ते देता येतात.

घाईत_आहे
उतार नाहीत. आणि चित्र उंचीचं नाही, वक्रतेचं आहे.

तिरकस_रेघ
अहो, हे आधी सांगायचं ना! क्लफ-टॉचर सी-१ आहे. कडेवर उंची जुळते, उतार जुळतो, बस्स. दुसरं अवकलज (उतार बदलण्याचा दर, ज्यावरून वक्रता निघते) प्रत्येक तुकड्यात रेषीय असतं आणि कड ओलांडताना उडी मारतं. तुम्ही नेमकी ती उडी रंगवताय. सी-२ (दुसरं अवकलजही जुळणारं) हवं असेल तर त्रिकोण न फोडता ९ घाताची बहुपदी लागते (सी-१ला ५). पॉवेल-सॅबिनच्या विभागणीवर ५ घातात जमतं, पण मग शिरोबिंदूंवर दुसरी अवकलजंही लागतात. ती कुठून आणणार?

आरबीएफ_भक्त
म्हणूनच म्हणतोय, थिन प्लेट.

तिरकस_रेघ
वक्रतेसाठी तर मुळीच नको. त्यातलं फलन, म्हणजे आर-वर्ग गुणिले लॉग आर (आर म्हणजे बिंदूपासूनचं अंतर), दोनदा अवकलित केलं की लॉग आर उरतो आणि तो बिंदूपाशी अनंताकडे पळतो. त्रिकोण जातील, पण प्रत्येक बिंदूवर टोक येईल.

आरबीएफ_भक्त
बरं, मग कर्नल (बिंदूभोवतीचं फलन) क्विंटिक, म्हणजे आरच्या पाचव्या घाताचं, घ्या. एका शब्दाचा बदल आहे, त्यावर एवढं प्रवचन कशाला?

जुना_फोर्ट्रानवाला
त्याला लागणारं ८००० बाय ८०००चं मॅट्रिक्स म्हणजे नुसतं साठवायलाच अर्धा जीबी. असो, मोजमापात त्रुटी किती? बिंदूंमधलं अंतर?

(अवांतर: कुठल्याही त्रिकोणीकरणावर सी-१ त्रिघाती स्प्लाइनच्या (तुकडे जोडून केलेल्या अशा पृष्ठभागांच्या) अवकाशाची मिती किती, म्हणजे असा पृष्ठभाग ठरवायला किती स्वतंत्र आकडे लागतात, याचं सर्वसाधारण सूत्र अजूनही कुणाकडे नाही. प्रश्न दिसतो शाळकरी!)

घाईत_आहे
मितीचं नंतर बघू. त्रुटी २ सेमी, अंतर अर्धा मीटर.

तिरकस_रेघ
०.०२ भागिले ०.५चा वर्ग, म्हणजे ०.०८ प्रति मीटर. वक्रतेत निदान एवढा तरी गोंगाट येणार. खरी वक्रता किती अपेक्षित आहे?

घाईत_आहे
०.०१च्या आसपास.

तिरकस_रेघ
मग सी-२ करूनही हाती गोंगाटच लागेल, फक्त गुळगुळीत. प्रत्येक बिंदूतून पृष्ठभाग नेण्याचा हट्ट सोडा. क्विंटिक ठेवा, स्मूदिंग (पृष्ठभागाला बिंदूंपासून किती ढळू द्यायचं ते) शून्य ठेवू नका.

घाईत_आहे
किती ठेवू?

जुना_फोर्ट्रानवाला
दहावा हिस्सा बिंदू बाजूला काढा, उरलेल्यांवर पृष्ठभाग बसवा, बाजूला काढलेल्या बिंदूंवर चूक मोजा. स्मूदिंग दर वेळी दहापट वाढवत जा. चूक सगळ्यात कमी येते ते मूल्य घ्या. वेळ वाचवायला नेबर्स (फक्त जवळचे ठरावीक बिंदू वापरण्याचा पर्याय) मात्र देऊ नका, पृष्ठभागच सलग राहत नाही.