ग्रामपंचायतीची घरपट्टी माफ केल्याने कारखाने येतात का?

भीमाकाठचा:
काल 'उद्योगस्नेही' यांनी लिहिलं की ग्रामपंचायत ही उद्योगांच्या वाटेतली धोंड आहे. नव्या कारखान्याला दहा वर्षं घरपट्टी माफ करा, म्हणजे वेदांता-फॉक्सकॉनच्या चिप कारखान्यासारखे प्रकल्प गुजरातला जाणार नाहीत. वाचून डोकं तापलं, म्हणून वेगळा धागा.

सवलत ज्याला द्यायची त्याने आपल्या खिशातून द्यावी. राज्य सरकार १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालवतंय. पूर्वी विक्रीकरात सूट होती, आता राज्य जीएसटीचा परतावा, वीजशुल्कात माफी. तो त्यांचा पैसा. गावाकडे घरपट्टी-पाणीपट्टी सोडून स्वतःचं असं आहे काय? कारखाना एमआयडीसीत, पण कामगार राहतात आमच्या गावठाणात. आमच्या गल्लीतल्या चाळीत १२ खोल्या, एकेका खोलीत पाच-पाच पोरं आणि संडास दोन. घंटागाडीचं डिझेल, बोअरची मोटर, सगळं ग्रामपंचायतीच्या माथी.

ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२५ खाली कारखाना करांऐवजी ठोक रकमेचा करार करू शकतो. आमच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या वहीत, माझ्या चुलत्याच्या पत्र्याच्या घराची लांबी-रुंदी लिहिलेली आहे. शेजारच्या एकरभर शेडपुढे फक्त 'करारानुसार'. तो करार गावात कुणी पाहिलेला नाही.

उद्योगस्नेही:
माझं चाकण पट्ट्यात पत्र्याचे सुटे भाग बनवणारं २२ माणसांचं प्रेस शॉप आहे, त्यामुळे मी ऐकीव बोलत नाही. एमआयडीसीला सेवाशुल्क भरतो, पाण्याचे पैसे वेगळे. गेटसमोरचा रस्ता त्यांचा, दिवा त्यांचा. मग ग्रामपंचायत कोणत्या सेवेचे पैसे मागते? आणि घरपट्टीचं सोडाच. माझी शेड उभी राहायच्या आधी चार पोरं बुलेटवरून आली, "भंगार आम्हालाच." बाजारभावाच्या निम्म्याने. नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी टेम्पो अडवला. याला कंटाळून लोक जातात.

सुपेकर:
ती चार पोरं कुठून आली तेही लिहा. आमची साडेतीन एकर संपादनात गेली, सातबाऱ्यावरचं नाव गेलं. धाकटा भाऊ आयटीआय फिटर. तीन कारखान्यांत फिरला, सगळीकडे सहा-सात महिन्यांचं कंत्राट आणि ब्रेक. शेवटी त्याने भंगाराची गाडी लावली. मग काय करायचं होतं त्याने?

उद्योगस्नेही:
बाजारभाव देऊन घ्या, कोण अडवतंय? निम्म्या भावाने घेणं म्हणजे हप्ता. त्याला भूमिपुत्राचं नाव देऊ नका.

सुपेकर:
आमच्या जमिनीला काय भाव मिळाला होता ते एकदा विचारा, मग हप्त्याची भाषा करा. माझ्या भावाला गुंड म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही.

अक्षांश:
दोघेही जरा थांबा. सवलती घेणाऱ्या उद्योगाने ८० टक्के स्थानिक घ्यावेत अशी अट आहेच. पण तिथे 'स्थानिक' म्हणजे १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेला. ज्याची जमीन गेली त्याच्यासाठी त्यात एक ओळ नाही. भांडण खरं तिथे आहे.

वाळूजची लेक:
सवलती म्हणजे लूट, असं कुणी म्हणणार असेल तर ते मात्र मी ऐकून घेणार नाही. १९८५ मध्ये बजाज वाळूजला आली ती मागास भागाच्या सवलती होत्या म्हणून. तिच्यामागून पुरवठादार आले, त्यातल्याच एकाकडे माझे बाबा टर्नर म्हणून लागले. त्या पगारावर आम्ही तिघी बहिणी शिकलो. सवलत नसती तर बाबा गंगापूरला कोरडवाहू कपाशी करत बसले असते.

भीमाकाठचा:
ताई, मान्य. त्या सवलतीतून खरंच उद्योग उभा राहिला. पण ती राज्याची होती, ग्रामपंचायतीची नव्हे, एवढंच माझं म्हणणं.

आणि फॉक्सकॉनचं म्हणाल तर २०१५ मध्ये याच कंपनीने महाराष्ट्राशी ५ अब्ज डॉलरचा सामंजस्य करार केला होता. कारखाना आला नाही. २०२२ चा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प गुजरातला गेला म्हणून आपण छाती पिटली. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. अमेरिकेत विस्कॉन्सिनला १३ हजार नोकऱ्या सांगितल्या होत्या, २०२१ च्या सुधारित करारात १,४५४ उरल्या. तिथे निदान सवलतही त्याच हिशेबाने सुमारे ३ अब्जांवरून ८ कोटी डॉलरवर आणली. आमच्या 'करारानुसार'मध्ये असं कलम आहे का, हे मला सरपंचांनी सांगावं.

उद्योगस्नेही:
चिप कारखान्याला केंद्राचंच निम्मं अर्थसाहाय्य होतं, तो घरपट्टीमुळे गेला नाही. हे वाक्य मी मागे घेतो. पण माझी तक्रार तशीच आहे. मोठ्या कंपनीला ठोक करार आणि माझ्या छोट्या शेडला पूर्ण आकारणी, वर दोन वर्षांची थकबाकी. हा कुठला न्याय?

भीमाकाठचा:
हा न्याय नाहीच. तुमच्या थकबाकीवर मी तुमची बाजू घेईन, पण आधी मोठ्यांचे करार ग्रामसभेत वाचून दाखवू द्या.

सुपेकर:
२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी विषय देतो. भावालाही आणतो. शेठ, तुम्हीही या. भंगाराच्या भावाचंही तिथेच बोलू.

उद्योगस्नेही:
येतो. टेम्पो अडवला त्या दिवसाचे फोटो घेऊन येतो.