घोड्यांच्या शर्यतीचा तो शेवट तुम्ही कुठे पाहिलात?

मार्क्स बंधू या अमेरिकन विनोदी नटांचा 'ए डे ॲट द रेसेस' (१९३७) हा सिनेमा परवा पुन्हा पाहिला. मधली गाणी यंदाही पुढे ढकलली, पण शेवटच्या शर्यतीला जागचं हलवेना. खलनायकाचा आवाज कानावर पडला की हाय-हॅट घोडा बिथरून उड्या मारतो, तिथपासून मी हसायला लागतो. मग चिखलात आपटाआपटी, जॉकी एकमेकांच्या घोड्यांवर. हरलो म्हणून तोंडं पाडावीत, तर पहिला आलेला घोडा आपलाच! कोकणातल्यांनो, आपापले अनुभव लिहा. शर्यत घरची असली तरी चालेल.

गुहागरकडचा: गणपतीत वाडीत भाड्याचा व्हीसीआर यायचा. घोडे चिखलात पडले आणि लाइट गेली. कंदील पेटेपर्यंत आजोबांनी अंधारातच शर्यत संपवली. मुंबईत गिरणीत असताना महालक्ष्मीला पैसे घालवून आलेले, म्हणून त्यांच्या शब्दापुढे कोण बोलणार? "मुंडीभर फरकाने आपलाच घोडा, वर आपलाच जॉकी," म्हणाले. खरा शेवट मी नोकरीला लागल्यावर पाहिला. घोडा बरोबर होता, जॉकी चुकला होता. सांगायला आजोबा नव्हते.

अलिबागजवळून: आमच्याकडे बैलगाड्या. ओहोटी लागली की ओल्या, घट्ट वाळूवर. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. त्यानंतर पाहिलेल्या एका शर्यतीत दोन गाड्या शेवटाला अशा घासल्या की बैल, गाडीवान, सगळे वाळूने माखले. दोन्ही बाजूंनी गुलाल उधळला! शेवटी पंचांनी एका बैलाचं शिंग पंच्याने पुसलं, खाली बेगड निघाली, तेव्हा जोडी कळली. भांडण मात्र दिवेलागणीपर्यंत. सिनेमात सगळे लगेच नाचायला लागतात, तेवढंच मला पटत नाही.

रत्नागिरी: अर्ध्यात झोपलो. शेवट वरच्या परिच्छेदात कळला, आभार.

मालवणातली: सगळे हसत होते, माका हसाकच येयना. लावणीच्या वेळी आमचो पाडो असोच चिखलात रुतलेलो. घरच्यांनी शेवट बघल्यानी, मी गोठ्यात जावन पाड्याक बघून इलंय.