ट्विन लोब ब्लोअर: व्हीजी १५० की २२०?

प्रश्न (भोसरी): ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) ब्लोअरमध्ये, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या मशीनमध्ये, व्हीजी १५० ऑइल आहे. उन्हात गिअरची बाजू फार तापते, सीलमधून ऑइल झिरपतं. २२० टाकू का?

उत्तर: थांबा, आधी लेव्हल बघा. मशीन बंद असताना साइट ग्लासच्या (ऑइल दिसणारी काच) मध्यावर हवी. जास्त भरलं तर गिअर ऑइल घुसळतात, फेस येतो, तापतं आणि गळतं. ब्रीदर (गिअरच्या पेटीतली हवा बाहेर जायचं छिद्र) तुंबला तरी गळतंच.

उत्तर: व्हीजीचा आकडा म्हणजे ४० अंश सेल्सिअसवरची व्हिस्कॉसिटी (ऑइलचा दाटपणा), तापलं की ऑइल पातळ होतं. मॅन्युअलच्या तक्त्यात बसत असेल तरच २२० घ्या. जुनं गरम असतानाच पूर्ण काढा, मिनरलमध्ये सिंथेटिक मिसळू नका.

उत्तर: इनलेट फिल्टर आणि डिस्चार्ज प्रेशरही तपासा. डिफ्यूझर (टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे भाग) चोक झाले की प्रेशर चढतं, ब्लोअर तापतो. तिथे ऑइल बदलून भागत नाही.