वृद्ध मांजरीला निरोप देण्याची वेळ कशी ओळखावी?

प्रश्न:
आमची मनी १७ वर्षांची आहे. तिची मूत्रपिंडे निकामी होत आल्याचे कळल्यापासून पथ्याचे खाणे आणि एक दिवसाआड कातडीखाली सलाईन चालू आहे. अलीकडे ती पाण्याच्या वाटीवर मान झुकवून नुसती बसते, पीत नाही. मासे हुंगून तोंड फिरवते. डॉक्टरांनी दयामरण सुचवले आहे, परंतु ‘तिचा जीव घेणारे आपण कोण?’ असे म्हणत सासूबाई ठाम विरोध करतात. निर्णय कशाच्या आधारावर घ्यावा? आम्ही कांदिवलीला राहतो.

प्रतिसाद १:
वाटीपाशी जाऊनही न पिणे, हे मळमळीचे किंवा तोंडात व्रण झाल्याचे लक्षण असू शकते. आधी तोंड तपासून घ्या आणि मळमळीवर औषध मागा. दोन-तीन दिवसांत ती आपणहून खाऊ लागली नाही, तर अमेरिकेतील पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांची पद्धत वापरून पाहा. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, या सात बाबींना प्रत्येकी १० पैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल, तर शुश्रूषा चालू ठेवण्यात अर्थ आहे. गुण घरातील प्रत्येकाने स्वतंत्रपणे द्यावेत, सासूबाईंनीही. आणि घरातील पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका. मांजरांना ती जीवघेणी ठरते.

प्रतिसाद २:
सासूबाईंशी पापपुण्याचा वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांना त्यांच्याशी बोलू द्या. मूत्रपिंडाच्या आजारातील ‘नैसर्गिक’ मृत्यू म्हणजे झोपेत जाणे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात उलट्या, कधी झटके, असे ते दिवस लांबतात. दयामरणात बहुधा आधी गुंगीचे इंजेक्शन देतात आणि मग शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा, जिने काही मिनिटांत हृदय थांबते. डोळे उघडे राहतात, नंतर एखादा स्नायू फडफडतो, लघवीही होते; हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ती जिवंत आहे या शंकेने माणसे हादरतात.

प्रतिसाद ३:
मला सासूबाईंचे म्हणणे अगदीच अमान्य नाही. तरीही मर्यादा आजच ठरवा: झटका आला किंवा श्वास लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर. तोवर सिरिंजने बळेच भरवू नका. मालाडला महापालिकेची पाळीव प्राण्यांसाठी दहनाची सोय २०२३ पासून आहे. तेथील वेळ आणि लागणारी कागदपत्रे आताच विचारून घ्या.