रोलर मसाजर: पोट-मांड्यांवर कसा फिरवायचा?

चाफेकळी: आईसाठी वायरवाला रोलर मसाजर आणलाय. सोबत चार हेड आणि जाळीचं कव्हर आहे. खोक्यावर 'चरबी वितळवा' असं छापलंय. रोज किती वेळ फिरवायचा? तेल लावायचं का? दहा मिनिटांत मुठीला चटका बसतो, हे ठीक आहे का?

चक्रमआजोबा: खोक्यावरचं आधी विसरा. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, त्या वरून रोलर फिरवून जळत नाहीत. त्वचेकडे रक्त धावतं, ती तुकतुकीत दिसते, थोड्या वेळाने पुन्हा होती तशी. फ्रान्समध्ये निघालेलं एंडर्मोलॉजीचं यंत्र तर त्वचा ओढून दोन रोलरमध्ये धरतं. अमेरिकेत त्यालाही सेल्युलाइट, म्हणजे मांड्यांवरची खळगेदार कातडी, 'तात्पुरता' कमी दिसतो, एवढंच म्हणायची मुभा आहे. आखडलेल्या मांड्या मात्र मोकळ्या होतात, तेवढ्यासाठी वापरा.

फिजिओताई: सपाट हेड, सर्वांत कमी वेग. पोटरीवर घोट्याकडून गुडघ्याकडे, मांडीवर गुडघ्याकडून वर, एका जागी 2-3 मिनिटं. यंत्राच्या वजनाचा दाब पुरे. काळंनिळं पडलं तर दाब जास्त झाला. पोटावर अगदी हलकं, जेवणानंतर दोन तासांनी. मणका, बरगड्या, नडगी, गळा टाळा. फुगलेल्या शिरा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मधुमेहाने पाय बधिर असतील तर चटकाही कळत नाही. आणि एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर मसाज अजिबात नको, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. शिरेत गुठळी असू शकते.

वायरमन: कोमट होणं ठीक, चटका नाही. हवेची भोकं बहुधा मुठीजवळच असतात. तळहाताने किंवा टॉवेलने झाकली की मोटर गुदमरते. हेड जोरात दाबलं की मोटर अडखळते, जास्त करंट खेचते आणि तापते. 15 मिनिटांनी बंद करून पूर्ण गार होऊ द्या. तेल नकोच: जाळीतून आत झिरपतं, धूळ आणि केसांचा लगदा होतो, मग घरघर सुरू. जाळी काढून फिरवाल तर केस नाहीतर ओढणी दांड्याला गुंडाळलीच म्हणून समजा. जळका वास आला किंवा हाताला झिणझिण्या आल्या तर प्लग काढा आणि बदलून घ्या.

चाफेकळी: मग ते खरखरीत हेड कशासाठी?

फिजिओताई: टाचेच्या मेलेल्या कातडीसाठी, तेही टाच कोरडी असताना. भेगांमधून रक्त येत असेल तर तिथेही नको. मांडीवर त्याने ओरखडेच उठतील.